लेन्स आणि प्राणी यांच्या मधे काय आहे, ते आधी बघा

पक्ष्यांचे फोटो काढायला लागलेला माणूस आधी लेन्सचे मिलिमीटर, म्हणजे ती लांबचं किती जवळ आणते ते, विचारतो. ४०० किंवा ६००, दोन्ही चालतात. फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा मधल्या गोष्टीमुळे. मोकळ्यावर ती हवा असते, पक्षिगृहात जाळी, मत्स्यालयात काच आणि समुद्रावर पाणी.

ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याच्या पिसांचा तपशील पुसून टाकते. फोकस बरोबर असूनही चित्र मऊ येतं, आणि दोष लेन्सवर जातो. कुठलंही सेटिंग हे सुधारत नाही. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत काम उरका, नाहीतर अंतर कमी करा. ऊन आणि वारा दोन्ही पाठीमागे घ्या, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतात, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो. उडणाऱ्याला १/२०००, लहान आणि चपळ असेल तर १/३२००. गडद झाडीपुढच्या बगळ्यासाठी एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावं ते ठरवणारं सेटिंग) उणे २/३ ते उणे १ ठेवा. जास्त उजेडाने पूर्ण जळालेली पांढरी पिसं रॉ फाइलमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही, परत मिळत नाहीत. उजळ आकाशापुढचा कावळा असेल तर उलट, अधिक १.

उडण्याआधी पक्षी अंग आवळतो, पुढे झुकतो आणि पुष्कळदा शिटतो. शिटला की बोट शटरवर हवंच. पण खाणं थांबवून मान ताठ केली, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. सावकाश मागे सरका. घरट्यांच्या वाटेला जाऊच नका. पालक उठून गेले की अंडी उन्हात तापतात, आणि भक्षकांना जागा कळते ती वेगळीच.

जाळीतून फोटो काढताना सावलीत असलेला भाग शोधा. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडा, झूम शेवटपर्यंत न्या आणि पक्षी आतल्या बाजूला दूर जाईपर्यंत थांबा. तारा विरघळून जातात. तारेवर ऊन असेल तर मात्र ती दिसली नाही तरी चित्रभर राखाडी धुरकटपणा पसरतो. तेवढ्या भागावर तळहाताची सावली धरा. पक्षी मागच्या जाळीला चिकटून बसला असेल तर ती जाळी लपत नाही, त्यात वेळ घालवू नका.

काचेशी खरा शत्रू म्हणजे तिरका कोन. काचेऐवजी वापरलेल्या जाड अॅक्रिलिकमधून (पारदर्शक प्लास्टिकमधून) तिरकं पाहिलं की कडांना रंग फुटतात आणि सगळंच पसरट दिसतं. म्हणून लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला सपाट टेकवून काटकोनातच टिपा. गडद कपडे घाला आणि फ्लॅश बंद ठेवा: तो काचेवरून उलटतो आणि माशांना बिथरवतो. एफ/२.८ इतकं मोठं अॅपर्चर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ते ६४०० लागतोच. त्यामुळे चित्रात दाणे आले तर येऊ द्या, हललेला मासा नको. दिव्यांमुळे आडवे पट्टे आले तर शटर १/१०० वर आणून पाहा आणि मासा वळताना क्षणभर थबकतो तेव्हाच दाबा. ऑटोफोकस ओरखड्यांवर अडकत असेल तर हाताने फोकस करा. पिंजऱ्यातला किंवा टाकीतला फोटो दाखवताना ‘बंदिस्त’ असं लिहाच. त्याला रानातला म्हणणं ही फसवणूक आहे.

बोटीवर ट्रायपॉड निरुपयोगी असतो, आणि कोपर कठड्यावर टेकवलं तर इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. गुडघे सैल ठेवून उभे राहा, शटर १/१६०० च्या वर. डॉल्फिन किंवा देवमासा वर आला की त्याची दिशा पकडा आणि पुढे जिथे येईल तिथे लेन्स रोखून ठेवा. उडालेलं पाणी पाहून कॅमेरा वळवलात तर फक्त पाठ मिळते. देवमाशाने पाठीची मोठी कमान केली की खोल बुडी येते आहे, शेपूट तेव्हाच मिळेल. किनाऱ्यावर परतलात की लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काच खरवडतात; आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने मीठ उतरवा.