मुलांच्या वाढीचा दीर्घकालीन अभ्यास : मोजमापे विश्वासार्ह कशी ठेवावीत

बाळाच्या जन्मापासून ते सज्ञान होईपर्यंत त्याच्या वाढीचा मागोवा घेणारा अभ्यास हाती घेताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. सहाव्या महिन्यात चुकलेले मोजमाप सातव्या महिन्यात दुरुस्त करता येत नाही, कारण तोवर मूल पुढे गेलेले असते. त्यामुळे अशा अभ्यासाचे यश पंधरा वर्षांनंतरच्या संगणकीय विश्लेषणापेक्षा पहिल्या दिवशी घरात बसून केलेल्या नोंदीवर अधिक अवलंबून असते.

काय मोजायचे हे सर्वांत आधी ठरवावे, आणि ते ठरवताना केवळ वजनावर थांबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यात स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच झाली आणि जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे अनेक वर्षे घेतला गेला. या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. वजन, लांबी, डोके, पोट, स्नायू हे सारे पुण्याच्या बाळांत कमी भरले. मात्र खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेची जाडी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश असलेल्या या बाळांनी चरबी राखून ठेवली होती, आणि भारतीयांमधील मधुमेहाच्या आकलनात या निरीक्षणाला मोठे महत्त्व आले. नुसता तराजू घेऊन गेलेल्या पथकाला हे कधीच दिसले नसते. तेव्हा वजन, लांबी किंवा उंची, डोक्याचा घेर, दंडघेर आणि त्वचेच्या घडीची जाडी ही पाच मापे तरी आरंभापासून घ्यावीत.

जन्माचे माप बाळ जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यावे, कारण पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि मग पुन्हा वाढू लागते. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, हे लक्षात घेऊन गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच माहेरचे गाव, तिथल्या आशा सेविकेचे नाव आणि घरातील दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत. जन्मतारीख शक्यतो जन्मदाखल्यावरून किंवा माता-बाल संरक्षण कार्डावरून घ्यावी. दाखला नसेल, तर पोळा, दिवाळी, गावची जत्रा यांच्या आधारे तारीख ठरवावी आणि ती अंदाजाने ठरवली आहे, हेही शेजारी लिहावे. सहा महिन्यांच्या बाळाच्या वयात एका महिन्याची चूक झाली, तर निरोगी बाळही कागदावर खुरटलेले दिसू शकते.

वजन करण्यापूर्वी काटा दररोज ठाऊक असलेल्या वजनाने तपासावा. बाळाच्या अंगावरचे कपडे, कुंची, वाळे आणि कंबरेचा करगोटा उतरवावा. करगोटा किंवा ताईत काढू देणे काही घरांना मनापासून पटत नाही. तिथे आग्रह धरू नये; तो अंगावर होता एवढी नोंद करावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तसेच मोजावे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाची लांबी आडवे निजवून आणि त्यापुढे उंची उभे करून मोजावी. आडवे मोजल्यास माप सरासरी ०.७ सेंटिमीटर अधिक भरते, म्हणून कोणत्या पद्धतीने मोजले हे प्रत्येक वेळी लिहिणे अत्यावश्यक आहे. उंची मोजताना वेणी किंवा अंबाडा सोडायला सांगावे, टाचा फळीला टेकलेल्या असाव्यात आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड कानाच्या छिद्राच्या रेषेत आडवी यावी. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबून उंची किंचित घटते, त्यामुळे एका मुलाची सर्व मापे शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी घ्यावीत.

हे काटेकोरपण अनाठायी वाटू शकते. पण साधारण चौथ्या-पाचव्या वर्षानंतर पौगंडावस्थेपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते, म्हणजे तीन महिन्यांत जेमतेम दीड सेंटिमीटर. त्यात पाऊण सेंटिमीटरची चूक झाली, तर निम्मी वाढ एक तर नाहीशी होते किंवा नव्याने उगवते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत केलेल्या अभ्यासात यावर उत्तम तोडगा काढला होता, आणि लहान पथकांनीही तो जरूर उचलावा. दोन मापकांनी एकमेकांचा आकडा न पाहता स्वतंत्रपणे मोजायचे आणि मग आकडे ताडून पाहायचे. लांबीत किंवा उंचीत ७ मिलिमीटर, वजनात १०० ग्रॅम, डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटर यांहून अधिक फरक पडला, तर दोघांनीही पुन्हा मोजायचे.

पर्यवेक्षकाने महिन्याला एकदा सर्व नोंदींचा फक्त शेवटचा अंक पाहावा. शून्य आणि पाच हे अंक मिळून साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावेत. ते फार अधिक दिसले, तर मापक आकडा वाचण्याऐवजी जवळच्या आकड्यावर नेत आहे, असे समजून त्याला पुन्हा प्रशिक्षण द्यावे. चुकलेला आकडा कधीही खोडू नये. त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती, सही आणि तारीख लिहावी. उपकरण बदलावे लागले, तर काही आठवडे त्याच मुलांना जुन्या आणि नव्या अशा दोन्ही उपकरणांवर मोजावे.

याहून अवघड काम मुले अभ्यासात टिकवून ठेवण्याचे आहे. गळती सगळीकडे सारखी होत नाही. ऊसतोडीला जाणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी, कर्जात बुडालेली घरे आधी गळतात आणि मग उरलेल्या मुलांची सरासरी खऱ्यापेक्षा चांगली दिसू लागते. म्हणून दसऱ्याच्या आधी एक जादा भेट ठेवावी, मुकादमाचे आणि कारखान्याचे नाव लिहून घ्यावे आणि अहवालात, अभ्यासात टिकलेल्या मुलांबरोबर सोडून गेलेल्या मुलांचीही सुरुवातीची मापे द्यावीत. शक्य असेल तोवर एका घरी एकच कार्यकर्ती जावी. प्रत्येक भेटीनंतर मोजमाप मराठीत लिहून आईच्या हाती द्यावे आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा. एखादे मूल तीव्र कुपोषित किंवा आजारी आढळले, तर त्याला त्याच दिवशी उपचारासाठी पाठवावे. अभ्यासात ढवळाढवळ होईल या सबबीखाली आजारी मुलाकडे नुसते पाहत राहणे कोणत्याही निष्कर्षासाठी समर्थनीय नाही.

संमती पालकांकडून एकदा घेतली म्हणजे कायमची मिळाली, असे नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपासून मुलाची स्वतःची तोंडी आणि बारा वर्षांनंतर लेखी अनुमतीही विचारावी लागते, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच्याकडून नव्याने संमती घ्यावी लागते. ही भेट आईवडिलांच्या अनुपस्थितीत, पुरेसा वेळ देऊन घ्यावी. त्या तरुणाने वा तरुणीने नकार दिला, तर पुढील भेटी तिथेच थांबवाव्यात आणि तोवरच्या नोंदींचे व साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांचे काय करायचे, हे संमतिपत्रात लिहिले असेल त्याप्रमाणेच करावे.