थट्टेमागचं मन कसं ओळखावं

विनोद आयता आहे की घरी बेतलेला, ते आधी बघा. पुणेकरांच्या पाहुणचारावरचे आणि इंदूरकरांच्या हिंदीमिश्रित मराठीवरचे विनोद वर्षानुवर्षं फिरताहेत. ते सांगणाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल काही असेलच असं नाही. पण तोच विनोद पुण्याहून इंदुरात आलेल्या सुनेवर, तिच्या माहेरचा एखादा प्रसंग जोडून बेतला गेला, तर सांगणाऱ्याच्या डोक्यात तो प्रसंग घोळतोय.

एकदा ऐकून निष्कर्ष काढू नका. त्याच माणसाकडून तोच विषय तीनदा आला, की दखल घ्या. शब्द दरवेळी वेगळे असतात, विषय मात्र तोच: पैसा, रंग, वजन, नोकरी, माहेर. समोर कोण आहे, हेही टिपा. दोघंच असताना जी थट्टा कधीच निघत नाही आणि चारचौघांत हमखास निघते, तिला साक्षीदार हवे असतात. ‘लेकी बोले सुने लागे’ हाही प्रकार असतो. बोलणं तुमच्याशी आणि रोख तिसऱ्याकडे. तेव्हा वाक्य संपताना सांगणाऱ्याची नजर कुठे जाते, ते बघा.

समजा, इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, दहीवड्याच्या गाडीवर सगळं कुटुंब उभं आहे. धाकटा भाऊ म्हणतो, “पैसे द्यायची वेळ आली की आमच्या दादाला नेमका फोन येतो!” सगळे हसतात. नुसती गंमत असेल तर धाकटा दादाकडे बघून हसेल आणि विषय भुट्ट्याच्या किसावर जाईल. मनात खुपत असेल तर तो आधी बायकोकडे बघेल, हसू ओसरल्यावर आणखी एक उदाहरण देईल, “त्या लग्नातसुद्धा...” म्हणून. हे दुसरं उदाहरण महत्त्वाचं. हशा मिळाल्यावरही माणूस थांबत नाही, म्हणजे त्याला हशा नको होता.

नात्याचं माप वेगळं लावावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘थट्टेच्या नात्यां’वर लिहिलं: काही नात्यांत एकाने चिडवायचं आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही, हा रिवाजच असतो. आपल्याकडे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी ही तशी नाती. तिथल्या चेष्टेतून फारसं काही काढू नका. तिथे उलटं बघा: रंगपंचमीलाही वहिनीला सोडत नसलेला दीर अचानक “हो वहिनी, नाही वहिनी” एवढंच बोलू लागला, तर काहीतरी बिनसलंय.

विचारायचं ते एकट्यात आणि दोन-तीन दिवसांत. सगळ्यांसमोर विचारलंत, तर समोरचा आपली लाज राखायला तुमच्यावरच “यांना गंमत कळत नाही” असा शिक्का मारेल. “तुला खरंच असं वाटतं का?” हा प्रश्न टाळा. “नाही रे, गंमत केली” एवढ्यावर तो संपतो. विनोदाबद्दल न विचारता विषयाबद्दल विचारा: “परवा सराफ्यात पैशांवरून बोललास. माझ्याकडून काही द्यायचं राहिलंय का?” मग गप्प बसा, तो बोलेपर्यंत. लगेच खुलासे देऊ लागलात की त्याचं बोलणं तिथेच आटतं.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ३२ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात विनोदाच्या चार तऱ्हा आहेत: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. टोचणारा लगेच कळतो. चौथा मात्र घरोघरी हसण्यावारी जातो, कारण त्यात कुणाचा अपमान झाला असं वाटत नाही. निवृत्त झालेले काका दर जेवणाला “आम्ही काय, घरातली अडगळ” म्हणतात, पोरं हसतात, पोळी वाढली जाते. असं वारंवार ऐकू आलं तर हसू नका, “काका, कंटाळा आलाय की कुणाचं काही लागलंय?” असं सरळ विचारा.

थट्टा मरणावर येऊ लागली, “आता माझा फोटोच लावा भिंतीवर” अशी, आणि सोबत झोप, जेवण, माणसांत मिसळणं कमी झालं असेल, तर तीनदा ऐकण्याची वाट बघू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हटलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मदतक्रमांक चोवीस तास चालू असतो.