मे महिन्यात कॉम्प्युटर मंदावला, तो असा सुधारला

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावी कापसातून सरकी काढणारी जिनिंग जवळच आहे. मे लागला तसा माझा कॉम्प्युटर दुपारी रखडू लागला. दुकानदार म्हणाला, "प्रोसेसर बदला." पण मोजल्याशिवाय पैसे घालवायला मन धजेना.

प्रोसेसरवर ताण देऊन त्याचा वेग आकड्यात मोजणारं सिनेबेंच आर२३ उतरवलं. एकच फेरी चालवली तर आकडा बरा यायचा. नेहमीची १० मिनिटांची चाचणी लावली की बराच घसरायचा. खरी मेख इथंच होती. प्रोसेसर कमजोर असता तर पहिल्याच फेरीत कळलं असतं. मग सोबत प्रोसेसरचं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवलं. तापमान १०० अंशांना टेकत होतं आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर 'येस' येत होतं. म्हणजे जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करत होता.

वायर काढून झाकण उघडलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत रुईचा अक्षरशः नमदा बसलेला! ब्रशनं साफ केला, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. शेजारचे काकाजी टॉर्च धरून उभे होते.

पुन्हा चाचणी घेतली, मुद्दाम भर दुपारीच, कारण सकाळच्या गारव्यातल्या आकड्याशी तुलना खोटी ठरते. दहाही मिनिटं आकडा टिकला. आता दर दिवाळीनंतर, कापूस येऊ लागला की, महिन्यातून एकदा झाकण उघडतो.