बुटीकच्या ऑटोमॅटिक ईमेलमध्ये या चुका टाळा

फॅशन डिझाइनचा कोर्स संपवून कोल्हापूरच्या राजारामपुरीत छोटं बुटीक टाकलं, इन्स्टावरून ऑर्डरी येऊ लागल्या, की ईमेल ऑटोमेशन (ठरलेले ईमेल आपोआप पाठवणारी सोय) लावावंसं वाटतं. जरूर लावा. पण मापाच्या कपड्यांना तयार कपड्यांची ईमेल-साखळी जशीच्या तशी चालत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते ऑर्डर येताच '१० दिवसांत पार्सल' असं कळवणं. मापाशिवाय ब्लाऊजला कात्री लावता येत नाही. म्हणून पैसे जमा झाले की पहिला ईमेल मापाच्या फॉर्मचा जाऊ दे, आणि दिवस मोजा ते फॉर्म भरून आल्यापासून. छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी व घेर, पुढचा-मागचा गळा, उंची असे वेगळे रकाने द्या. प्रत्येकाशेजारी 'इंच' लिहा. छातीला २८ ते ५० अशी मर्यादा घाला, म्हणजे कुणी सेंटिमीटरमध्ये ९२ भरलं तर फॉर्म तिथेच अडवेल. माप अंगावरचं की जुन्या ब्लाऊजचं, हे विचाराच. अंगाच्या मापात लूझिंग (सैलपणासाठीची जादा जागा) धरावं लागतं, ब्लाऊजच्या मापात ते आधीच असतं. गल्लत झाली की ब्लाऊज ढगळ होतो, नाहीतर हुकच लागत नाहीत. दोन दिवसांत फॉर्म आला नाही तर एक आठवण पाठवा, त्यानंतर सरळ फोन करा.

नवरात्र-दिवाळीच्या गर्दीत टेम्प्लेटमधले तेच '१० दिवस' बदलायचे राहून जातात. घटस्थापनेच्या महिनाभर आधी ते वाक्य उघडून बघा.

अर्धवट सोडलेल्या कार्टची आठवण करून देणाऱ्या साखळीत 'ऑर्डर झाली की बाहेर' ही अट हवीच, नाहीतर पैसे भरलेल्या ताईंनाच सवलतीचं कूपन जातं आणि त्या फरक परत मागतात. मागणं रास्तच असतं. ईमेल पाठवणाऱ्या टूलचं घड्याळही तपासा: ते यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर रात्री ९ ला लावलेला मेल आपल्याकडे मध्यरात्रीनंतर २:३० ला पोचतो.

मेल स्पॅममध्ये जात असतील तर मजकुराशी झटापट करण्याआधी डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) बघा. फुकटच्या जीमेल पत्त्याऐवजी स्वतःचं डोमेन वापरा. मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी लावा. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच चालते. वेबसाइटची एक, टूलची दुसरी अशा दोन झाल्या की तपासणी फसते. दोन्ही एकाच नोंदीत जोडा. जीमेलला स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत लागतात, म्हणजे हजारात तीनसुद्धा जास्तच. प्रदर्शनात मिळालेले पत्ते न विचारता यादीत टाकू नका.

साखळी चालू करण्याआधी स्वतः दोन ऑर्डरी टाका, एक पैसे भरून, एक अर्धवट सोडून, आणि कुठला मेल किती वाजता येतो ते फोनवर बघा.