जुन्या रीलोडिंग मॅन्युअलमधला आकडा उचलण्याआधी

अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्यांना हा घोळ ठाऊक असतो: काडतूस तेच, पण 1960च्या मॅन्युअलमधली पावडरची (बारुदाची) कमाल मात्रा आणि आजची, यांचा मेळ बसत नाही. जुनं पुस्तक वाचायला झकास, तराजूपाशी मात्र नको.

1. मात्रा पावडर कंपनीच्या ताज्या तक्त्यातूनच घ्या. सुरुवात किमान आकड्यापासून.
2. पावडरचं पूर्ण नाव जुळवा. जुन्या पानावर नुसतं '4831' दिसलं तर थांबा. हॉजडन या ब्रँडची 4831 वेगळी, आयएमआर या ब्रँडची वेगळी. त्यात हॉजडनची मूळ पावडर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला उरलेला लष्करी साठा!
3. बुलेट (गोळी), केस (काडतुसाचं कवच), प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) हेही तक्त्यातलेच.

सावधान: काडतूस उडताना होणारा दाब दोन एककांत दिलेला असतो; तांब्याचा तुकडा चेपून मोजलेला सीयूपी आणि सेन्सरवर मोजलेला पीएसआय यांचं सरळ रूपांतर होत नाही.