काजूची कलमं का मरत होती

आजऱ्याजवळ आमचं दीड एकर आहे. सेंद्रिय शेतीला चार वर्षं झाल्यावर झाडंही हवीत म्हणून वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची वीस काजू कलमं आणली. पहिल्याच पावसाळ्यात अकरा गेली. वाळवी असणार म्हणून निंबोळी पेंड घातली, पण फरक शून्य.

शेवटी मेलेलं एक कलम उपटलं. मुळं काळी पडलेली, बोटानं दाबलं की साल निसटून हातात येत होती, वर कुजका वास. दोष पाण्याचा होता. उसाशेजारची काळी जमीन, तिथं चिखल हटत नाही आणि काजूला तर निचरा लागतो. शिवाय दोन कलमांचा जोड, म्हणजे खालच्या खुंटावर वरची फांदी बसवलेली असते ती जागाच, मी मातीत गाडली होती!

पुढच्या जूनमध्ये नवी कलमं आणून वरच्या मुरमाड टेकावर लावली. दोन-दोन फुटांचे खड्डे, 7 मीटर अंतर, जोड मातीच्या चार बोटं वर. वरच्या अंगाला पाणी वळवायला चर. जोडाखालचे फुटवे दर पंधरवड्याला काढले. ते ठेवले तर खुंटच माजतो नि वरचं कलम दबतं. उन्हाळ्यात बुंध्याभोवती पाचट घातलं, पण खोडापासून वीतभर लांब. चिकटवलं तर मग खरोखरच वाळवी येते.

खाली आता जांभूळ लावलंय, त्याला ओल चालते. नव्या वीसपैकी अठरा काजू जगलेत. दुसऱ्या वर्षी आलेला मोहोर मी खुडून टाकला, झाड आधी वाढू दे म्हणून. घरात त्यावरून अजून बोलणी खातोय.