इंग्लंडात क्लबच्या संध्याकाळच्या ओरिएंटियरिंगला, म्हणजे नकाशा बघत ठरलेली ठिकाणं शोधत पळायच्या खेळाला, पहिल्यांदा जाताय?

इथल्या क्लबांच्या इव्हेंटला मेंबर नसलात तरी बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त आधी ऑनलाइन एंट्री करून ठेवा आणि डिबर नसेल तर भाड्याने मागा. डिबर म्हणजे बोटात अडकवायची छोटीशी चिप, प्रत्येक कंट्रोलवरच्या, म्हणजे शोधायच्या ठिकाणावरच्या, डब्यात ती घातली की बीप वाजतो नि लाइट लागतो, बीप ऐकल्याशिवाय पुढे पळू नका.

नकाशा हातात आला की होकायंत्र लावून आधी तो उत्तरेला जुळवा, आणि वळलात की परत जुळवा, सगळा खेळ यावरच आहे. जांभळा त्रिकोण म्हणजे स्टार्ट, एकात एक दोन वर्तुळं म्हणजे फिनिश. खरी गंमत रंगांची, पांढरा म्हणजे मोकळं मैदान नाही हं, ते आरामात पळता येईल असं जंगल, मैदान असतं पिवळं, आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. ऑलिव्ह रंगात पाय ठेवायचाच नाही, बहुधा कुणाचं तरी घर-अंगण असतं ते.

स्कोअर फॉरमॅट, म्हणजे ठरलेल्या वेळात जमतील तितके पॉइंट मिळवायचा प्रकार, असेल तर कंट्रोल कुठल्याही क्रमाने घ्या, पण उशीर झाला की मिनिटागणिक पॉइंट कापतात, तेव्हा शेवटची दहा मिनिटं फिनिशच्या आसपासच राहा, उगाच एका कंट्रोलचा लोभ नको. हेडटॉर्च आणि शिट्टी घ्याच. आणि मधेच सोडलंत तरी येऊन डिबर डाउनलोड करा, म्हणजे त्यातली नोंद आयोजकांकडे उतरवून घ्या, नाहीतर आयोजक बिचारे अंधारात तुम्हाला शोधत फिरतील.